कोल्हापूर आणि इंग्रजी अंमल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं मी सुट्टीच्या दिवशी शाळेची पोरं, पाहुणे, कधी कुणाचे परगावचे नातेवाईक घेऊन पन्हाळा आणि जुना राजवाडा दाखवत फिरतो. शिवकाळावर लोक भरभरून बोलतात. इंग्रजी अमलाचा विषय निघाला की मात्र तेच ते प्रश्न येतात आणि बऱ्याचदा चुकीची उत्तरं पाठ असतात. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

कोल्हापुरात इंग्रजांचं राज्य होतंच कुठे? आपलं तर संस्थान होतं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा अभिमानही असतो. गादी छत्रपतींची, शिक्का छत्रपतींचा, मग इंग्रज आले कुठून?

गादी होती, हे खरं. १७१० मध्ये ताराराणींनी पन्हाळ्यावर वेगळं राज्य उभं केलं आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्या रीतसर वेगळ्या झाल्या. पण १८१२ च्या तहानंतर कोल्हापूरने कुणाशी लढायचं, कुणाशी बोलायचं हे इंग्रजांना विचारल्याशिवाय ठरत नव्हतं. पुढे फौज किती ठेवायची, कारभारी कोण असावा, दत्तक मंजूर की नामंजूर, इतकंच काय, लहान राजाला कुणी शिकवायचं, हेसुद्धा पोलिटिकल एजंटच्या, म्हणजे संस्थानावर नेमलेल्या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्याच्या, सहमतीने ठरू लागलं. शहरात आजही ‘रेसिडेन्सी’ हे नाव ऐकू येतं, ते या एजंटच्या ठाण्याचं. राजवाड्यात दरबार भरायचा, पण महत्त्वाचे कागद आधी तिकडे जाऊन यायचे.

हिंदुस्थानात अशी साडेपाचशेच्या वर संस्थानं होती. साऱ्या मुलखाचा साधारण दोन पंचमांश भाग त्यांच्याकडे होता. तिथे स्वतःचे कलेक्टर बसवून राज्य करणं इंग्रजांना महाग पडलं असतं. राजाच्या हातून राज्य करवून घेणं स्वस्त पडत होतं, आणि लोकांचा राग राजावर निघायचा तो वेगळाच. कोल्हापूरचा इतिहास वाचताना मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच.

इंग्रजांशी आपला पहिला संबंध कधी आला?

पन्हाळ्यावर, १६६० मध्ये. सिद्दी जौहरचा वेढा सगळ्यांना माहीत आहे. बाजीप्रभू, शिवा काशीद, पावनखिंड ही नावं कोल्हापूरच्या पोराला शाळेत जायच्या आधी ठाऊक असतात. पण त्या वेढ्यात गडावर तोफा डागायला राजापूरच्या वखारीतले इंग्रज आले होते, हे बहुतेकांना नवं असतं. हेन्री रेव्हिंग्टन हा तिथल्या वखारीचा प्रमुख. व्यापाराला आलेल्या माणसाने दारूगोळा घेऊन दुसऱ्याच्या लढाईत उतरायचं काही कारण नव्हतं. आपला झेंडा लावून त्यांनी गडावर मारा केला.

महाराज हे विसरले नाहीत. १६६१ मध्ये राजापूरवर छापा पडला, वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनसकट इंग्रज कैदेत गेले. त्यांची सुटका १६६३ मध्ये झाली. तटावर उभं राहून हे सांगितलं की पोरं आपोआप खाली दरीत बघतात, तोफा कुठे होत्या म्हणून. मला तो क्षण फार आवडतो.

पोर्तुगीज आणि डच यांचं काय?

कोल्हापूरवर त्यांचा अंमल कधी नव्हता, पण शेजार होता. पोर्तुगीज १५१० पासून गोव्यात, तर डचांची वखार वेंगुर्ल्याला. कोल्हापूरचा माल फोंडा, अणुस्कुरा, आंबा या घाटांनी खाली उतरायचा तो याच किनाऱ्यावर. त्यामुळे समुद्रावर कुणाची सत्ता आहे याच्याशी देशावरच्या बाजारपेठेचा थेट संबंध होता.

मग इंग्रज राज्यात शिरले कसे?

समुद्राच्या बाजूने. मालवणचा सिंधुदुर्ग कोल्हापूरकडे होता आणि तिथलं आरमार इंग्रजांच्या जहाजांना धरायचं. इंग्रजी कागदात याला सरसकट चाचेगिरी म्हटलंय आणि आपल्याकडचेही काही लेखक तोच शब्द उचलतात. मला तो मान्य नाही. आमचा परवाना घेतल्याशिवाय या समुद्रात जहाज हाकायचं नाही, हा नियम किनाऱ्यावर पहिल्यांदा पोर्तुगीजांनी लादला. परवाना नसेल तर जहाज जप्त. तेच काम मराठ्यांनी आपल्या किनाऱ्यावर केलं की ते चाचे!

१७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. राज्याचा कारभार तेव्हा जिजाबाई राणीसाहेब पाहत होत्या. १७६६ च्या तहात पैसे मोजून किल्ला परत मिळवावा लागला. पुढे १८१२ मध्ये मालवण कायमचं गेलं. बदल्यात मिळालं इंग्रजांचं ‘संरक्षण’. त्या वेळी पटवर्धन, निपाणकर, पेशवे अशा सगळ्या बाजूंनी कोल्हापूर गांजलं होतं, त्यामुळे तह करणाऱ्यांना आज घरात बसून दोष देणं सोपं आहे. पण समुद्र गेला तो गेलाच.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्या युद्धात इंग्रजांना साथ दिल्याबद्दल कोल्हापूरला चिकोडी आणि मनोळी हे तालुके बक्षीस मिळाले, आणि १८२९ च्या करारात ते परत काढूनही घेतले. तीन वर्षांत तीन करार झाले : १८२६, १८२७ आणि १८२९. फौज कमी करायला लावली, पन्हाळा आणि पावनगड काही काळ इंग्रजांच्या ताब्यात गेले, कागल-इचलकरंजीच्या जहागिरदारांच्या तक्रारी इंग्रज ऐकू लागले. घरातल्या भांडणात पंच म्हणून बोलावलेला माणूस घराचा मालक कसा होतो, ते या तीन करारांत नीट दिसतं.

पन्हाळ्याचा चार दरवाजा कुठे आहे?

गाडीने गडावर जाताना तुम्ही त्याच्यातूनच जाता. रस्त्याच्या कडेला दिसणारे ते पडके चिरे म्हणजे चार दरवाजा. तीन दरवाजा आज दिमाखात उभा आहे, लोक त्याचे फोटो काढतात. चार दरवाजा इंग्रजांनी १८४४ मध्ये पाडला. का पाडला, हे सांगायला मी तिथे गाडी थांबवतोच.

गडावर राहणाऱ्या शिबंदीला गडकरी म्हणत. पिढ्यान् पिढ्या हीच माणसं गड राखायची आणि त्याबद्दल त्यांना गडाखालच्या जमिनी होत्या. पगार म्हणजे ती जमीन. पहाऱ्याची पाळी आली की गडावर, नसेल तेव्हा शेतात. १८३८ मध्ये बाबासाहेब महाराज गादीवर आले तेव्हा ते लहान होते. पुढे इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमलं आणि त्यांनी ‘सुधारणा’ सुरू केल्या. त्यातली एक म्हणजे गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात देणं. हिशेबाच्या दृष्टीने बघितलं तर चोख काम. पण गडकऱ्याच्या दारात ते कसं पोचलं असेल याचा विचार करा. तुझ्या पणजाने ज्या जमिनीसाठी तटावर उभं राहून रात्री काढल्या, तिच्याबद्दल आता कचेरीत जाऊन विचारायचं.

जुलै १८४४ मध्ये सामानगडाने दरवाजे बंद केले, मग भुदरगड पेटला. बेळगावहून इंग्रजी फौज आली. सामानगड हाती यायला ऑक्टोबर उजाडला. तोवर लोण कोल्हापुरात पोचलं होतं. बाबाजी अहिरेकर आणि त्यांच्या साथीदारांनी दाजी पंडितांनाच कैद केलं. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स दौऱ्यावर असताना बंडवाल्यांच्या हाती लागला आणि त्याला पन्हाळ्यावर डांबून ठेवलं. साताऱ्याच्या छत्रपतींवर नजर ठेवणारा साहेब पन्हाळ्यावर कैदी!

मग जनरल डेलामोटचं सैन्य आलं. १ डिसेंबर १८४४ ला तटाला खिंडार पाडून पन्हाळा घेतला. सुभाना निकम, बाबाजी अहिरेकर कामी आले. त्यानंतर तट पाडले, गडकऱ्यांची शिबंदी मोडली आणि बंड मोडायला आलेला खर्च कोल्हापूरच्याच माथी मारला. आपलेच गड पाडायचे पैसे आपल्याच शेतसाऱ्यातून गेले.

या उठावाला तेरा वर्षांनंतरच्या १८५७ इतकी प्रसिद्धी मिळाली नाही. मला वाटतं याचं कारण यात राजा नव्हता, नाव घ्यावं असा मोठा सरदार नव्हता. गडाखालच्या वाड्यावस्त्यांतली साधी माणसं होती. म्हणूनच मला हा उठाव कोल्हापूरच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा वाटतो.

१८५७ मध्ये कोल्हापुरात काय झालं? चिमासाहेब महाराज कोण?

३१ जुलै १८५७ च्या रात्री इथल्या २७ व्या पलटणीतले शिपाई उठले. रामजी शिरसाट हे नाव त्यांच्या पुढाऱ्यांत येतं. कर्नल जेकब आला, पलटण नि:शस्त्र केली, कितीतरी जणांना फाशी दिलं, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. ६ डिसेंबरला पुन्हा ठिणगी पडली. शहराचे दरवाजे आतून बंद झाले. जेकबने दरवाजा फोडून शहर घेतलं आणि हत्यारांसह सापडलेल्यांना तिथल्या तिथे लष्करी न्यायालयासमोर उभं करून त्याच दिवशी संपवलं.

बाबासाहेब महाराज इंग्रजांच्या बाजूने राहिले. त्यांचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा संशय होता. उघड खटला न चालवता त्यांना कराचीला नेऊन ठेवलं. १८६९ मध्ये ते तिथेच वारले. पंचगंगेचं पाणी त्यांना पुन्हा बघायला मिळालं नाही. चिमासाहेब चौकातून रोज हजारो गाड्या जातात. सिग्नलला थांबलात तर एकदा हे नाव आठवा, एवढीच विनंती.

साताऱ्याचं राज्य खालसा झालं, मग कोल्हापूर कसं वाचलं?

१८४८ मध्ये डलहौसीने साताऱ्याचा दत्तक नाकारला आणि गादी संपवली. कोल्हापूरला १८६२ च्या करारात दत्तकाचा हक्क मिळाला. पण त्याच करारात महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीत इंग्रज सरकारचा सल्ला मानायचा, ही अटही होती. आणि पुढच्या तीस वर्षांत त्या दत्तकांच्या वाट्याला जे आलं, ते वाचून कुणाचाही घसा दाटेल.

बाबासाहेबांचे दत्तक पुत्र राजाराम महाराज १८६६ मध्ये गादीवर आले. इंग्रजी उत्तम, जगाची ओढ. १८७० मध्ये ते युरोपला गेले आणि परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबरला, इटलीत फ्लॉरेन्सला वारले. वय वीस. तिथे अग्निसंस्कार कुणी कधी बघितलेला नव्हता. आर्नो आणि मुग्नोने या नद्यांच्या संगमावर परवानगी काढून चिता रचली. संगमावरच अग्नी द्यायचा हा आपल्याकडचा रिवाज परमुलखातही पाळला गेला. त्या जागी आज छत्री उभी आहे.

मग १८७१ मध्ये चौथे शिवाजी महाराज. दत्तक आले तेव्हा सात-आठ वर्षांचे. मोठे होऊ लागले तसं त्यांना वेड लागल्याचं जाहीर करण्यात आलं आणि अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. पहाऱ्यावर गोरा शिपाई, नाव ग्रीन. २५ डिसेंबर १८८३ ला त्याच्याशी झालेल्या झटापटीत महाराज गेले. छत्रपतींच्या गादीचे वारस, वीस वर्षांचे, आपल्या माणसांपासून लांब. आजार किती आणि वागणूक किती यावर वाद होत राहतील. पण एका तरुण मुलाला त्याच्या घरापासून तोडून पलटणीच्या शिपायाच्या हवाली केलं, हे कुठल्याही औषधोपचारात बसत नाही.

टिळक-आगरकरांना कोल्हापूरमुळे तुरुंगवास झाला तो हाच विषय ना?

हाच. महाराजांचा छळ होतोय, अशा बातम्या पुण्यात पोचल्या. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर झोड उठवली. छापलेली काही पत्रं बनावट निघाली, बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात गेले. सुरुवातीच्या जामिनाची व्यवस्था महात्मा फुल्यांनी करवली होती, हे आवर्जून सांगावं असं.

पण न्यू पॅलेस, टाऊन हॉल, रेल्वे इंग्रजांनीच दिली ना?

दिली हा शब्द तपासून बघा. टाऊन हॉल आणि न्यू पॅलेसचे आराखडे मेजर चार्ल्स मँट यांचे, आणि इमारती देखण्या आहेत यात वाद नाही. मी स्वतः न्यू पॅलेसच्या घड्याळाच्या मनोऱ्याकडे बघत कितीतरी वेळ उभा राहतो. पण पैसा संस्थानच्या खजिन्यातला, म्हणजे करवीर, पन्हाळा, भुदरगडच्या रयतेने भरलेल्या साऱ्यातला. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये, तीही संस्थानच्या पैशाने.

आणि तारखा शेजारी ठेवून बघा. न्यू पॅलेसचं काम १८७७ ते १८८४. १८७६-७८ हा दख्खनचा थोरला दुष्काळ. १८७२ आणि १८८१ च्या शिरगणतीत संस्थानची लोकसंख्या आठ लाखांच्या आसपासच अडकलेली दिसते. नऊ वर्षांत वाढच नाही. गादीवर तेव्हा अल्पवयीन राजा, कारभार एजंटच्या देखरेखीखाली. एवढा मोठा राजवाडा बांधायचा निर्णय खऱ्या अर्थाने कुणाचा, हा प्रश्न त्या काळ्या दगडासमोर उभं राहिलं की मला पडतो.

शाहू महाराज इंग्रजधार्जिणे होते का?

हा प्रश्न मला दुखावतो, पण टाळत नाही.

शाहू महाराजांना १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक घेतलं. स्टुअर्ट फ्रेझर हे इंग्रज त्यांचे शिक्षक, आणि २ एप्रिल १८९४ ला हाती अधिकार आले. म्हणजे त्यांच्या आधीच्या राजाचं काय झालं, हे डोळ्यांसमोर होतं. एजंटशी उघड वैर घेतलं असतं तर गादी टिकली असती का? त्यांनी इंग्रजांशी जुळवून घेतलं, पदव्या स्वीकारल्या, महायुद्धात मदतही केली. हे सगळं नोंदलेलं आहे आणि लपवायचं कारण नाही.

आता मिळालेल्या तेवढ्या जागेत त्यांनी काय केलं ते बघा. २६ जुलै १९०२ ला, स्वतः विलायतेत असताना, मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्याचा हुकूम काढला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं गोखल्यांचं विधेयक १९१२ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात पडलं. कोल्हापुरात १९१७ मध्ये सक्तीचं आणि मोफत शिक्षण सुरू झालं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागायची. महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. पारध्यांना तर स्वतःच्या पहाऱ्यावर ठेवलं. ज्यांना सरकार चोर म्हणतं त्यांच्या भरवशावर निवांत झोपणारा राजा. धार्जिणा माणूस असं करत नाही.

भोगावतीवरचं राधानगरी धरण त्यांनी सुरू केलं, त्यांच्या पश्चात पुरं झालं. आज आपल्या उसाला जे पाणी मिळतं त्यात ते आहेत.

स्वातंत्र्यलढ्यात कोल्हापूर शांत होतं का?

मुळीच नाही. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांनी १९३९ मध्ये प्रजापरिषद उभी केली. ‘चले जाव’च्या काळात १३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारक चालून गेले. स्वामी वारके, करवीरय्या स्वामी यांच्यासह सात जण हुतात्मा झाले. गोळ्या संस्थानच्या पोलिसांच्या होत्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ज्यांना पटलं नसेल त्यांनी गारगोटीचा स्तंभ बघून यावं.

शहरात आज जिथे शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा आहे, त्या चौकात तेव्हा मुंबईचा माजी गव्हर्नर लेस्ली विल्सन याचा पुतळा होता. भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी तो विद्रूप केला, पुढे तो फोडलाच, आणि १९४५ मध्ये तिथे महाराज आले.

वळिवड्यात गोरे लोक राहायचे म्हणतात, ते इंग्रज होते?

नाही. ते पोलंडचे निर्वासित. दुसऱ्या महायुद्धात घरदार गेलेली जवळपास पाच हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत होती. त्यांना राज्यकर्त्यांत मोजू नका.

संस्थान कधी संपलं?

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं.

आमच्या घरी जुने मोडी कागद आहेत. त्यांचं काय करू?

आधी सांगतो काय करू नका. लॅमिनेशन करू नका. फाटलेल्या ठिकाणी चिकटपट्टी लावू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत ओल धरते. उन्हात वाळवू नका. स्वच्छ सुती कापडात, घडी न मोडता येईल तितकी सैल करून, कोरड्या जागी ठेवा. फ्लॅश न लावता, खिडकीच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या बाजूचा शेरा, कोपऱ्यातला शिक्का सुटू देऊ नका, बऱ्याचदा खरी गोष्ट तिथेच असते. मग मोडी वाचणाऱ्याला दाखवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या कागदाबद्दल जे आठवतं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, चुकीचं वाटलं तरी.

भुदरगडाखालच्या एका वाडीत एका आजींनी पत्र्याच्या पेटीतून लाल फडक्यात गुंडाळलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला होता. घड्यांवर झिजून त्याचे चार तुकडे झालेले. घरात सगळ्यांना वाटत होतं की तो कर्जाचा कागद आहे, आणि कर्ज निघेल या भीतीने तीन पिढ्या कुणी तो बाहेरच काढला नव्हता. तुकडे जुळवून वाचला, तर गडाच्या चाकरीबद्दल दिलेल्या जमिनीचा निघाला. आजींना मोडी येत नव्हतं, पण वाचून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, “म्हंजे आम्ही कुणाचं देणं लागत न्हाई न्हवं?”

नाही आजी, म्हटलं. देणं असलंच तर ते दुसऱ्या बाजूला होतं.